ब्लूबेरीच्या निरोगी फांदीतून बुरशी निघाली. फवारू का?

टेबललँड | सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. वाचक जुना आहे, धागा पहिलाच काढतोय, सांभाळून घ्या.

पाचगणीचा घाट उतरून वाईकडे येताना आमचं शेत आहे. वडिलांची स्ट्रॉबेरी आधीपासूनच. मी आणि चुलतभावाने पॉलिहाऊसच्या अर्ध्या भागात ब्लूबेरी घेतली आहे. कमी थंडीवर येणाऱ्या सदर्न हायबुश जाती, टिश्यूकल्चरची रोपं, ग्रो बॅगेत कोकोपीट आणि परलाईट, ठिबकमधून आम्लयुक्त पाणी.

एप्रिलनंतर काही झाडांचे शेंडे अचानक वाळले. पानं गळली नाहीत, तांबडी-तपकिरी होऊन तशीच लटकत राहिली. नमुने प्रयोगशाळेत दिले. चुलतभावाने डोकं लावून सोबत एकदम ठणठणीत झाडांच्या फांद्या, पानं आणि मुळंही दिली, तुलनेला म्हणून. आणि तिथेच घोळ झाला. वाळलेल्या फांद्यांत निओफ्युजिकोकम नावाची बुरशी निघाली, ते ठीक. पण निरोगी फांद्यांतूनही पेस्टॅलोटिऑप्सिस, फोमॉप्सिस, क्लॅडोस्पोरियम अशी यादीच आली. एका निरोगी फांदीत तर तीच निओफ्युजिकोकम. निरोगी मुळांबद्दल शेरा: 'गडद रंगाची, आडवे पडदे असलेली, ओळख न पटलेली बुरशी.'

औषधवाले म्हणतात सगळ्या बागेला अंतरप्रवाही (झाडात भिनणाऱ्या) बुरशीनाशकाच्या फवारण्या घ्या आणि मुळाला आळवणी करा, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओता. वडील म्हणतात, झाड टवटवीत आहे तर कशाला हात लावता? दोघांतलं कुणाचं ऐकू?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९.३०

निरोगी झाडाचा रिपोर्ट मागितलाच नसता तर आज निवांत झोपला असता. वडिलांना +१.

तासगावकर | सोमवार, रात्री १०.०५

आवो दादा, आमच्याकडं द्राक्षात हे जुनंच दुखणं हाय. वेल वरनं हिरवागार, घड चांगलं, आणि खोड कापलं की आत काळा पट्टा. किती वर्सं बसलीया आत ते कुणाला ठावं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं किंवा खरड छाटणीची जखम मोठी झाली की एक ओलांडा, म्हंजे वेलाची आडवी फांदी, जातो. मी फवारून बघितलंय, आत बसलेल्या बुरशीला वरनं फवारून काय होत न्हाई. पण ब्लूबेरीचं मला ठावं न्हाई, जाणत्यांनी सांगावं. बसलोय.

सूक्ष्मदर्शी | सोमवार, रात्री ११.४०

साताऱ्यात महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आजवर ज्या ज्या वनस्पतीत नीट शोध घेतला, त्या जवळपास प्रत्येकीच्या आत बुरशी सापडली आहे. आंबा, जांभूळ, गवत, कडुनिंब, सगळ्यांत. आंतरवासी बुरशी म्हणतात त्यांना. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ मध्येच अशा आत राहणाऱ्या जीवांना वेगळं नाव दिलं होतं. म्हणजे निरोगी फांदीत बुरशी निघणं यात नवल काही नाही. तुमची फांदी कोरी निघाली असती तर मीच विचारलं असतं की नमुना नीट लावला होता ना.

प्रयोगशाळेत हे कसं करतात ते सांगतो, म्हणजे रिपोर्ट वाचता येईल. फांदीचा किंवा पानाचा तुकडा आधी अल्कोहोलमध्ये, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, परत अल्कोहोलमध्ये आणि शेवटी निर्जंतुक पाण्यात बुडवतात. वरची धूळ, वरचे बीजाणू मेले पाहिजेत. मग तो तुकडा बटाट्याच्या अर्काच्या माध्यमावर ठेवून द्यायचा. आतून धागे बाहेर येतात. पण एक पडताळणी अनेक ठिकाणी गाळतात: धुतलेला तुकडा एका वेगळ्या प्लेटवर नुसता दाबून उचलायचा. तिथेही बुरशी उगवली तर धुणं कच्चं, आणि मग आतली कोणती नि बाहेरची कोणती हे सांगता येत नाही. क्लॅडोस्पोरियम तर हवेत सगळीकडे असते. तुमच्या प्रयोगशाळेने असा ठसा घेतला होता का, एवढं विचारा.

दुसरं, या पद्धतीत भराभर वाढणाऱ्या बुरश्याच पुढे येतात. सावकाश वाढणाऱ्या मागे पडतात आणि काही तर प्लेटवर वाढतच नाहीत. म्हणून रिपोर्टमधली यादी म्हणजे झाडातल्या बुरशांची जनगणना नव्हे.

आता या बुरश्या आत करतात काय? पानांतल्या बहुतेक काहीच करत नाहीत. डग्लस फर नावाच्या अमेरिकन सूचिपर्णी झाडात एक बुरशी आहे, ऱ्हॅब्डोक्लाईन पार्केरी. सुईसारख्या पानात शिरते, एका पेशीपुरती जागा धरते आणि वर्षानुवर्षं तशीच थांबते. पान म्हातारं होऊन गळायला आलं की मगच पसरते. पान कुजवायचा पहिला मान तिचा, कारण ती आधीपासून आत हजर असते. तुमच्या पानांतल्या बऱ्याच बुरश्या याच जातकुळीच्या असणार.

निओफ्युजिकोकमचं मात्र वेगळं आहे. त्यावर उद्या, डोळे मिटायला लागलेत. तोवर एक सांगा: वाळलेली झाडं पॉलिहाऊसमध्ये नेमकी कुठे होती?

टेबललँड | मंगळवार, सकाळी ७.२०

सर, खूप आभार. ठशाचं विचारतो. वाळलेली झाडं जवळपास सगळी पश्चिमेच्या कडेच्या ओळीत. तिथे दुपारनंतर ऊन थेट येतं, आणि मेमध्ये त्या लाईनचे ड्रिपर क्षाराने चोंदले होते ते उशिरा लक्षात आलं. काळ्या बॅगा हाताला चटका देत होत्या.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी १०.५०

मग उत्तर अर्धं तुम्हीच दिलंत.

बॉट्रिओस्फेरिया कुळातल्या बुरश्या, त्यातच निओफ्युजिकोकम येते, ब्लूबेरीत शेंडेमर आणि खोडमर करतात. अमेरिकेच्या आग्नेय भागात सदर्न हायबुशची कोवळी झाडं मारणारा हा मुख्य रोग आहे. चिली, न्यूझीलंड इथेही आहे. न्यूझीलंडमध्ये तर रोपवाटिकेतल्या दिसायला निरोगी रोपांतही या बुरश्या सापडल्या आहेत. लक्षण न दाखवता आत राहायचं आणि झाडाला उष्णतेचा किंवा पाण्याचा ताण बसला, थंडीने साल तडकली, छाटणीची जखम उघडी राहिली की हातपाय पसरायचे, ही तिची रीत. म्हणून तीच बुरशी तुमच्या निरोगी फांदीतही निघाली आणि वाळलेल्या फांदीतही. फरक बुरशीत शोधू नका, पश्चिमेच्या ओळीत शोधा.

ओळखायची खूण: वाळलेली फांदी उभी चिरा. लाकडाच्या एका बाजूने फिकट तपकिरी पट्टा खाली उतरलेला दिसेल, दुसरी बाजू पांढरी. तो पट्टा जिथे संपतो तिथून वीतभर खाली, स्वच्छ लाकडात कापा. कात्री प्रत्येक झाडानंतर अल्कोहोलने पुसा. कापलेलं बाहेर नेऊन जाळा, पॉलिहाऊसच्या दारात ढीग करू नका, मेलेल्या काड्यांवर बीजाणू तयार होतात आणि पावसाच्या शिंतोड्यांनी उडतात. छाटणी कोरड्या दिवशी. आतल्या रोगावर बुरशीनाशकाचा फारसा उपयोग नाही, तासगावकरांनी अनुभवाने सांगितलं ते बरोबर आहे.

पश्चिमेला शेडनेट, बॅगांना पांढरं आवरण, ड्रिपर आम्लाने साफ. फवारणीचे पैसे तिकडे लावा असं माझं मत.

तासगावकर | मंगळवार, दुपारी १.१५

बघा, म्हंजे आत बसलेला पाव्हणा. घरात दूधदुभतं हाय तवर गोड, आणि घरधनी आजारी पडला की तिजोरीची किल्ली शोधाय लागतो. 😄

गवताळ | मंगळवार, दुपारी २.४०

सरांच्या म्हणण्याला थोडी पुरवणी, थोडी हरकत. 'निरुपद्रवी' कुणाला, हे आधी विचारलं पाहिजे. मी जनावरांचा डॉक्टर आहे. टॉल फेस्क्यू नावाचं गवत अमेरिकेत लाखो एकरांवर आहे, 'केंटकी ३१' ही त्याची गाजलेली जात. गवत दणकट, किडीला न जुमानणारं, दुष्काळात टिकणारं. पण त्यावर चरणाऱ्या गाईंची वजनं वाढेनात, उन्हाळ्यात धापा टाकायच्या, काहींचे खूर आणि शेपटीचे शेंडे सडायचे. १९७७ मध्ये उलगडा झाला की गवताच्या आत एक बुरशी राहते, आज तिला एपिक्लोई म्हणतात, आणि तिची अल्कलॉइड रसायनं जनावरांना बाधतात. बुरशी बियांतून पुढच्या पिढीत जाते, गवतावर बाहेरून काही दिसत नाही. गवताच्या दृष्टीने ती उपकारकर्ती, गाईच्या दृष्टीने विष.

न्यूझीलंडवाल्यांनी तर यातूनही वाट काढली. रायग्रासमध्ये गुरांना न बाधणाऱ्या पण किडीला रोखणाऱ्या बुरशीच्या निवडक जाती घालून तेच बियाणं विकतात. एआर ३७ हे त्यातलं एक नाव.

शंकासुर | मंगळवार, दुपारी ३.०५

आता मला भीती वाटायला लागली. ब्लूबेरी खाल्ली तर ती बुरशी पोटात जाते का? पोरीच्या डब्यात रोज देतो मी. (महाग आहे म्हणून चारच देतो, ती गोष्ट वेगळी.)

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सायंकाळी ५.३०

@शंकासुर, डबा चालू ठेवा. गवतातल्या एपिक्लोईचं नातं गवतांशीच आहे, ब्लूबेरीत ती राहत नाही. फळावर आणि फळात थोड्याफार बुरश्या असतात, द्राक्षात, टोमॅटोत असतात तशाच. फळाशी खरा संबंध येतो तो कोलेटोट्रायकम या बुरशीचा. फुलोऱ्यात किंवा फळ हिरवं असतानाच ती शिरते, गप्प राहते आणि फळ पिकल्यावर मऊ, खचलेला डाग आणि त्यावर नारिंगी चिकट ठिपके आणते. असं फळ कुणी खाणारच नाही. शेतकऱ्याचा तोटा मात्र होतो, कारण तोडणीच्या वेळी फळ चांगलं दिसतं आणि डबीत पोचेपर्यंत बिघडतं. तोडल्यावर लगेच थंड करणं म्हणूनच महत्त्वाचं.

@गवताळ, हरकत मान्य.

टेबललँड | मंगळवार, रात्री ८.४५

मुळांचं राहिलं सर. 'गडद रंगाची, पडदे असलेली' म्हणजे काय? आणि एक विचित्र प्रश्न. स्ट्रॉबेरीला, द्राक्षाला आपण पांढरी मुळी फुटली का ते बघतो. ब्लूबेरीची बॅग उलटी केली तर केसांच्या गुंत्यासारखी तपकिरी मुळं दिसतात. हे निरोगी आहे का?

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ११.१०

हाच प्रश्न यावा म्हणून थांबलो होतो.

ब्लूबेरीला मूलरोम नसतात. गहू, ऊस, टोमॅटोच्या मुळावर जी सूक्ष्म लव असते आणि जिच्यातून पाणी-खत आत जातं, ती लवच नाही. त्याऐवजी तिची शेवटची मुळंच इतकी बारीक की जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी. त्या मुळाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींत एका खास गटाच्या बुरश्या शिरून धाग्यांची गुंडाळी करून बसतात. ब्लूबेरी, ऱ्होडोडेंड्रॉन, युरोपातली हीदर ही सगळी एरिकेसी कुळातली झाडं, म्हणून या नात्याला एरिकॉइड मायकोरायझा म्हणतात. ऱ्हायझोस्किफस एरिकी (हल्ली नाव बदललं आहे) आणि ऑइडिओडेंड्रॉन मायुस ही त्यातली प्रसिद्ध मंडळी.

हे कूळ वाढतं कुठे ते बघा: आम्लधर्मी, पाणथळ किंवा पालापाचोळ्याने भरलेल्या, नत्राने कंगाल जमिनीत. नत्र असतं, पण कुजायला तयार नसलेल्या पाल्यात अडकलेलं. या बुरश्यांकडे तो पाला फोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. २०१८ मध्ये त्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की कुजवणाऱ्या विकरांची जनुकं त्यांनी भरपूर राखून ठेवली आहेत. म्हणजे एक पाय झाडाच्या मुळात, दुसरा पाल्यात. नत्र झाडाला, साखर बुरशीला.

'गडद, पडदे असलेली' हा वेगळा गट. फियालोसेफाला फॉर्टिनी हे त्यातलं ठळक नाव. ब्लूबेरीच्या मुळांत त्या अगदी नेहमी असतात. त्यांचा स्वभाव एकसारखा नाही: कधी झाडाची वाढ थोडी सुधारते, कधी काहीच फरक नाही, कधी थोडी खुंटते. तुमच्या मुळांची वाढ चांगली आहे, तेव्हा आळवणी करून त्यांच्यामागे लागू नका.

रंगाबद्दल: ब्लूबेरीची नवी मुळं फिकट असतात आणि लवकर तपकिरी होतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका. कुजलेली मुळं काळी पडतात, हाताने ओढली की वरची साल सुटते आणि आत दोरा राहतो. फायटोप्थोरा त्यातला मोठा शत्रू, आणि तो पाणी साचलं की येतो. बॅगेखाली पाणी तुंबत नाही ना, तेवढं पाहा.

जैविक_मित्र | बुधवार, सकाळी ९.००

मग सरळ मायकोरायझा सोडा ना ठिबकमधून! आम्ही ऊस, हळद, द्राक्ष सगळ्याला देतो, जबरदस्त रिझल्ट. सोबत ट्रायकोडर्मा.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, सकाळी ९.४०

थांबा. दुकानात मिळणारा बहुतेक मायकोरायझा आर्बस्क्युलर प्रकारचा असतो, पाकिटावर ग्लोमस किंवा ऱ्हायझोफॅगस लिहिलेलं असेल. ऊस, हळद, द्राक्ष, स्ट्रॉबेरी यांना तो चालतो, ब्लूबेरीचा नेहमीचा साथी तो नव्हे. वर लिहिलेला एरिकॉइड गट पूर्णपणे वेगळा. ऊस कारखान्याच्या पावतीवर दूध डेअरीत पैसे मागितल्यासारखं होईल. पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय घेऊ नका.

आणि एरिकॉइड बुरशीचं खात्रीचं कल्चर मिळालं तरी टेबललँड यांच्या बॅगांत तिला काम किती उरतं हा प्रश्न आहेच. ठिबकमधून रोज तयार अमोनियम नत्र मिळत असताना झाड बुरशीला साखर कशाला देईल? खत वाढलं की मुळांतली ही बुरशी कमी होते. जमिनीत, पाईनचा भुसा घालून, कमी खतावर लावणाऱ्यांना तिचा उपयोग जास्त.

जैविक_मित्र | बुधवार, सकाळी ९.५५

ट्रायकोडर्माचं तरी मान्य करा.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, सकाळी १०.१०

ट्रायकोडर्मा मुळाभोवती आणि काही जाती मुळाच्या आतही राहतात, कुजव्या रोगांना रोखायला मदत करतात, हे खरं. रोप लावताना द्या. पण शिरलेल्या शेंडेमरीवर इलाज म्हणून नको.

जर्सीकर | बुधवार, सकाळी १०.३०

(इथे रात्र आहे, झोप येत नाही.) माहेर मिरज, आता न्यू जर्सीत. आमच्या घरापासून गाडीने जाण्याजोगं व्हाइट्सबॉग नावाचं जुनं गाव आहे, ब्लूबेरीची शेती जिथे जन्मली ते. तोवर ब्लूबेरी म्हणजे रानातली, बागेत लावली की मरायची. लोक बिचारे झाडावर प्रेम म्हणून चांगली शेणखत घातलेली, चुना दिलेली माती द्यायचे आणि झाड पिवळं पडायचं. फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० मध्ये पुस्तिका छापली, त्यात दाखवलं की हिला आम्लधर्मी जमीनच लागते. सरांनी वर मूलरोम नसल्याचं आणि मुळांतल्या बुरशीचं लिहिलंय ना, ते दोन्ही त्या पुस्तिकेत आहे!

ती वाचून क्रॅनबेरीवाल्या घरातल्या एलिझाबेथ व्हाइटने त्याला पत्र पाठवलं, आमच्या जमिनीवर प्रयोग करा. रानातल्या माणसांना तिने सांगितलं, मोठ्या फळाचं झुडूप दाखवा आणि बक्षीस घ्या. रूब लीक नावाच्या माणसाने आणलेल्या झुडपाची जात 'रूबेल' म्हणून आजही लावली जाते. १९१६ मध्ये पहिलं लागवडीचं पीक विकलं गेलं. पाइन बॅरन्स म्हणजे इथलं पाइनचं रान, त्याची ती वाळू पाहिली तर वाटत नाही इथे काही उगवेल. सांगलीची काळी माती बघितलेल्या माणसाला तर नाहीच.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ११.२०

@जर्सीकर, वेगळा धागा काढाच. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

तासगावकर | बुधवार, दुपारी १२.००

ताई, मिरजेत कुठं? आणि सरास्नी इचारतो, आमच्याकडं जमत असंल का ब्लूबेरी? बोअरचं पाणी साडेसात-आठ सामूचं (पीएच), आणि खालच्या अंगाची जमीन क्षारपड. द्राक्षाचं काय खरं न्हाई राहिलं म्हून इचारतोय.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, दुपारी ३.३०

जमिनीत नाही. सामू ४.५ ते ५.५ हवा, काळ्या चुनखडीच्या मातीत गंधक घालून घालून थकाल, चुना परत वर येतो. बॅगेत जमेल, पण पाण्यातला बायकार्बोनेट आम्लाने मोडावा लागेल आणि क्षाराची, विशेषतः क्लोराइडची परीक्षा आधी. म्युरिएट ऑफ पोटॅश हे क्लोराइडवालं खत तर अजिबात नको. पावसाचं पाणी साठवलेलं शेततळं असेल तर विचार करा, नुसत्या बोअरवर उडी मारू नका. महाबळेश्वरच्या बाजूचा जांभा आणि पाच हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस यांनी तिथली माती धुऊन आम्लधर्मी केली आहे, तशी माती तुमच्याकडे नाही.

चांदोली | बुधवार, रात्री ८.१५

अवांतर, पण विषयाला धरून. आमच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे. लाकडाला, फुलाला घाण वास. त्याच्यात कॅम्पटोथेसिन असतं, कर्करोगाची औषधं ज्याच्यापासून बनतात ते. भारतीय नरक्यात ते असल्याचं १९७२ मध्ये दाखवलं गेलं, आणि त्यानंतर सह्याद्रीत त्याची अशी तोड झाली की विचारू नका. गाड्या पकडल्याच्या बातम्या येतात. २००५ मध्ये भारतीय संशोधकांनी लिहिलं की नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही कॅम्पटोथेसिन बनवते. तेव्हापासून वाटतंय, बुरशी टाकीत वाढवा आणि झाडं वाचवा. पण पुढे काही ऐकू आलं नाही. का?

सूक्ष्मदर्शी | बुधवार, रात्री १०.००

फार चांगला प्रश्न. असंच स्वप्न १९९३ मध्ये टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाबाबत पडलं होतं, पॅसिफिक यू झाडाच्या आतल्या टॅक्सोमायसेस बुरशीत टॅक्सॉल सापडल्याचं 'सायन्स'मध्ये छापून आलं तेव्हा. अडचण अशी की झाडाबाहेर काढलेली बुरशी हे रसायन अगदी किंचित बनवते, आणि प्लेटवरून प्लेटवर नेत गेलं की तेही बंद होत जातं. टॅक्सॉलच्या बाबतीत तर पुढच्या काही संशोधकांनी बुरशीत ते बनवणारी जनुकं शोधली आणि ती मिळाली नाहीत. म्हणजे झाडातून आलेलाच अंश मोजला गेला की काय, ही शंका राहिली. नरक्या वाचवायचा तर आज तरी जंगल आणि रोपवाटिका यांवरच भिस्त ठेवावी लागेल.

गवताळ | बुधवार, रात्री १०.४०

माझ्याकडून शेवटची भर, कारण हे वाचून मी थक्क झालो होतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात गरम झऱ्यांच्या कडेला एक गवत वाढतं, जमिनीचं तापमान ६५ अंशांपर्यंत सोसतं. आत कर्व्ह्युलेरिया बुरशी. गवत वेगळं, बुरशी वेगळी वाढवली तर दोघंही ३८ अंशांच्या पुढे टिकत नाहीत. एकत्र असली की टिकतात. २००७ मध्ये कळलं की त्या बुरशीच्या आतही एक विषाणू आहे, आणि तो काढून टाकला की सगळी सहनशक्ती जाते!

आपल्याकडचं उदाहरण: राजस्थानच्या वाळवंटात बोर आणि वेड्या बाभळीच्या मुळांशी सापडलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका. १९९८ मध्ये तिचं वर्णन झालं, आणि ती कितीतरी पिकांच्या मुळांत शिरून वाढ सुधारते म्हणून जगभर अभ्यासली जाते.

शंकासुर | बुधवार, रात्री १०.५२

गवतात बुरशी, बुरशीत विषाणू. मी आता झोपतो.

टेबललँड | गुरुवार, सायंकाळी ६.३०

सगळ्यांचे आभार. आज फांद्या उभ्या चिरल्या. एका बाजूचा तपकिरी पट्टा अगदी सरांनी लिहिलाय तसाच. पट्ट्याच्या खाली कापलं, जाळलं. पश्चिमेला जाळी उद्या चढते. प्रयोगशाळेत फोन केला, ठसा घेतला नव्हता म्हणाले, पुढच्या वेळी घेऊ. फवारणी आणि आळवणी रद्द. वडिलांनी मिशीला पीळ दिला, तोंडाने काही बोलले नाहीत.

एक शेवटचं. पुढच्या वर्षी घरच्याच झाडांची कटिंग लावायचा विचार आहे. टिश्यूकल्चरची रोपं जवळजवळ निर्जंतुक येतात, कटिंगमध्ये आईच्या झाडातली बुरशी येणारच ना? मग कोणतं बरं?

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, रात्री ९.१५

येणारच. पण टिश्यूकल्चरचं रोपही फार दिवस कोरं राहत नाही. पानांतल्या बहुतेक बुरश्या हवेतून, पावसाच्या शिंतोड्यातून, शेजारच्या झाडावरून नव्याने शिरतात. एका काळी हीदरची बुरशी बियांतूनच येते आणि तिच्याशिवाय रोप उगवतच नाही असं ठामपणे लिहिलं गेलं होतं, १९१५ च्या सुमारास. पुढे निर्जंतुक बियांपासून बुरशीविना रोपं वाढवून दाखवल्यावर तो दावा टिकला नाही.

प्रश्न शेंडेमरीचा आहे. पश्चिमेच्या ओळीतलं एकही झाड आई म्हणून घेऊ नका, वरून हिरवं असलं तरी. पूर्वेकडच्या, ताण न बसलेल्या झाडांची कोवळी, त्याच हंगामातली फूट घ्या, जुनं लाकूड नको. कटिंग कापल्यावर टोक बघा, तपकिरी ठिपका दिसला तर टाकून द्या. आणि शेजारच्या स्ट्रॉबेरीतून पेस्टॅलोटिऑप्सिसच्या भावकीकडे लक्ष असू द्या. फ्लोरिडात २०१७ पासून निओपेस्टॅलोटिऑप्सिसने स्ट्रॉबेरीचं मोठं नुकसान केलं आहे. ब्लूबेरीत निघालेली जात तीच आहे असं नव्हे, पण स्ट्रॉबेरीवर पानडाग आणि फळकूज दिसली तर नमुना वेगळा पाठवा, ब्लूबेरीच्या रिपोर्टवरून अंदाज बांधू नका.

तासगावकर | गुरुवार, रात्री ९.४०

सर, शेततळं हाय माझ्याकडं. पाण्याचा नमुना कसा भरायचा तेवढं सांगा.

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, रात्री ९.५८

प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळून. काठावरून नको, मधल्या खोलीतून भरा, गच्च भरून झाकण लावा, हवा राहू देऊ नका. त्याच दिवशी पोचवा. सामू, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे एकूण क्षारांचा अंदाज), बायकार्बोनेट, क्लोराइड, सोडियम आणि कॅल्शियम हे सहा आकडे मागा. एकदा आत्ता आणि एकदा मेअखेर, तळं आटून क्षार वाढतात तेव्हा.